उतारावरचं पाणी

चार दिवस झाले, नकल्या कोणाचीच नक्कल करत नव्हता. साऱ्या गावाला हसवणारा हा माणूस अर्ध्या ताटावरून उठून शेतात जायचा. त्याची टोमॅटोची झाडं भर दुपारी माना टाकत आणि सकाळी पुन्हा उभी राहत. आज सकाळी मात्र ती उठलीच नाहीत. माती ओली, पानं हिरवीगार, आणि झाडं बसलेली!

एक झाड पिशवीत लपवून त्याने घरी आणलं. वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने खोड कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरलं. दोघं ओट्यावर वाकून बघत राहिली. काही मिनिटांतच कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला.

"मर रोग. हे जंतू आहेत, भाऊजी. लागल्यावर औषध नाही. आजारी झाडं मुळासकट काढा, आणि आधी पाणी अडवा."

नकल्याच्या सऱ्यांतलं जादा पाणी चरातून उतारावरून थेट शेजारच्या सुताराच्या वांग्यांत जायचं. कालच त्याने पोटभर पाणी दिलं होतं.

"सुताराला सांगितलंत?"

"छे! सकाळीच विचारत होता, प्लॉट कसा आहे. म्हटलं, झकास!"

"झकास? आणि त्याची वांगी?"

"वहिनी, मिरचीवाल्याचं पीक गेलं तेव्हा टपरीवर त्याची नक्कल मीच केली होती. 'शेतात कमी, खाटेवर जास्त!' आता सगळे माझी करतील."

"करू देत की! हसण्याने वांगी मरत नाहीत. तुमच्या पाण्याने मरतील."

तो उठला. शेतावर जाऊन त्याने चर मातीने बुजवला. जंतू सोबत जाऊ नयेत म्हणून चिखलाच्या चपला आणि फावडं तिथेच टाकून, पाय धुऊन तो सुताराच्या बांधावर गेला.

"ओ सुतार! मी आत येत नाही. माझ्या टोमॅटोला मर लागलीय. सकाळी खोटं बोललो!"

आता शिव्या बसणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"सहा," सुतार म्हणाला.

"काय सहा?"

"माझी सहा झाडं बसलीत, परवापासून. उपटून पोत्याखाली झाकलीत."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्हाला सांगायचं? मिरचीवाल्याचं काय केलंत ते बघितलंय मी. हसलोही होतो, खोटं कशाला बोलू!"

नकल्या मनात दिवस मोजू लागला. दोन दिवस! सुतार परवाच बोलला असता, तर कालचं पाणी आपण सोडलंच नसतं!

उतारावर खाली आणखी तीन शेतं होती. दोघं तिन्ही बांधांवर जाऊन खरं ते सांगून आले. नकल्याचे टोमॅटो गेले ते गेलेच. सुताराची वांगी किती वाचतील, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

वाचकहो, आजार लपवणाऱ्याला आपण नावं ठेवतो. पण त्याला लपवायला लावलं कोणी? ज्याचं पीक बसलं त्याला हसणं आपण आधी सोडू या. मग तो पहिल्याच दिवशी तोंड उघडेल, आणि खालच्या शेतांना सावरायला दोन दिवस जास्त मिळतील.