सतरा नंबरची उडी

"सतरा नंबर." माणिकप्पा सरांनी तिसऱ्यांदा शिट्टी मारली, तरी वर्षाराणी पोहण्याच्या तलावाच्या काठावरून हलली नाही. खाली बारा फूट पाणी होते. लातूरच्या उन्हाळ्यात ते बदलायची चैन कुणाला परवडणार? हिरवे पडले होते, तळ दिसत नव्हता.

मागे रांगेत हशा पिकला. एकोणतीस वर्षांची बाई, किनवटच्या आश्रमशाळेत पोरांना खो-खो शिकवते आणि उडी टाकायला थरथरते! पोहणे तिला येत होते. उथळ भागात पंधरा दिवस ती बिनचूक हात मारत होती. पण बी.पी.एड.च्या परीक्षेत काठावरून उडी मारून पलीकडे पोचायचे होते आणि आजची संधी शेवटची. पदवी नाही तर जूनपासून तिच्या जागी दुसरी कुणी येणार, हे मुख्याध्यापकांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते.

सगळ्यांना वाटे, ती पाण्याला भिते. भीती होती ती गळ्यातल्या डबीची. ती आठ वर्षांची असताना आजीने, म्हणजे गंगम्मांनी, चांदीच्या डबीतले इष्टलिंग तिच्या गळ्यात बांधले होते. ते अंगावेगळे करायचे नाही आणि हरवलेच तर सापडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, असे त्यांच्या उदगीरच्या घरात अजून पाळत. आजीच्या जावेचे लिंग एकदा विहिरीत पडले होते. त्यापुढची हकिकत आजी कधी पुरी करत नसे, म्हणून तर वर्षाराणीला लहानपणी झोप लागत नसे.

सरांच्या ते ध्यानात आले. तेही लिंगायत, मात्र स्वतःचे लिंग त्यांनी सोयीने देव्हाऱ्यात ठेवून दिले होते. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "रांगेतल्या त्या पुनमकडं दे की काढून. पाच मिन्टाचं काम हाय."

"न्हाई जमायचं, सर."

"मंग नाव खोडू का?"

वर्षाराणीने दोरा गळ्यातून काढून मनगटाला गुंडाळला आणि डबी डाव्या मुठीत आवळली. रोज सकाळी पूजेला लिंग त्याच तळव्यावर असते, तेव्हा हे काही अंगावेगळे झाले नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. डोळे मिटले आणि उडी टाकली.

पाणी नाकाकानांत शिरले. एका हाताने वर येता येईना. पाय झाडले तरी ती खालीच जात राहिली. छाती फुटायची वेळ आली आणि मूठ उघडली. आपण उघडली की आपोआप उघडली, हे तिला नंतरही सांगता आले नाही. दोन्ही हात मोकळे होताच ती वर आली, पलीकडचा काठ तिने गाठला. टाळ्या पडल्या. सरांनी वहीत खूण केली. तिच्या मनगटाला दोरा नव्हता.

त्यानंतर तिने कितीतरी बुड्या मारल्या, कुणी शिट्टी न मारता. सरही कपड्यांसकट उतरले. हाताला शेवाळ तेवढे लागले. परीक्षा संपली म्हणून मंगळवारी तलाव उपसणार आहेत, तेव्हा बघू, असे ते खाली मान घालून म्हणाले. तो दिवस शुक्रवार होता.

उदगीरच्या एसटीत ती कोरड्या घशाने बसली. दिवेलागणीला घरी पोचून तिने आजीला सगळे सांगितले. ऐंशीच्या घरातली म्हातारी ऐकता ऐकता तांब्या भरत होती.

"पास झालीस का?"

"हाव, अव्वा."

आजीने पाण्याचा तांब्या पुढे सारला. "पी."

"कसं पिऊ? हरवलंय की माझं."

"बांधलं कुणी? म्या. मंग माझं म्या बघते. तू पी, लेकरा."

वर्षाराणीने नको नको म्हणत तांब्या तोंडाला लावला, आणि एवढी तहान लागली होती याची तिला लाज वाटली. आजीने तिला वाढले. स्वतःच्या ताटातली ज्वारीची भाकरी उचलून दुरडीत परत ठेवली, शुगरच्या गोळ्यांचे पाकीट न उघडताच कोनाड्यात सारले आणि भिंतीला टेकून बसली.

"मंगळवारला किती दिस हायत?" तिने विचारले.

"चार," वर्षाराणी म्हणाली.