कोऱ्या जागेवरचा शिक्का

मित्रांनो, वयाने जुना आणि आवाजाने हळू असा मी एक छिन, म्हणजे आडवं ठेवून वाजवायचं चिनी तंतुवाद्य आहे. पोट हलक्या लाकडाचं, अंगावर हरणाच्या शिंगाची पूड घातलेलं रोगण आणि वर रेशमाच्या सात तारा. सूचौमधल्या रुइशिनबाई मला वाजवायच्या आणि त्यांचे थोरले भाऊ मोछिंग समोर बसून चित्र काढायचे. तारेवरचा सूर विरला की मोछिंगचा कुंचलाही थांबायचा. तेवढा कागद कोराच राहायचा. वर्षानुवर्षं हा रिवाज होता.

पुढे मोछिंगची नजर गेली. शेवटचं लांब चित्र त्यांनी अंदाजानेच पुरं केलं. ते फांगशेठ नावाच्या रेशीमवाल्याने घेतलं. आम्ही तिघं ते पोहोचवायला गेलो.

चित्रात नदी होती, अर्धी दिसणारी नाव होती आणि पुढे नुसता पांढरा कागद.

“मोछिंगराव, इथे शाई संपली होती वाटतं?” शेठ हसले.

“धुकं आहे, शेठ.”

“मग माझा शिक्का तिथेच शोभेल.”

आमच्याकडे चित्राचा मालक आपला शिक्का चित्रावर उमटवतो. शेठचा शिक्का वाफवलेल्या पावाएवढा. लाल रंगात बुडवून त्यांनी तो पांढऱ्या जागेवर धरलाही. एकदा उमटला की तो पुसता येत नाही आणि मोछिंग पुन्हा चित्र काढू शकत नव्हते. त्यांना शिक्का दिसत नव्हता, पण रंगाचा वास आला असावा. त्यांची बोटं गुडघ्यावर घट्ट झाली.

रुइशिनबाई शांतपणे म्हणाल्या, “शेठ, ज्या धुनेवर चित्र काढलं, ती तरी ऐका. मग खुशाल मारा.”

“आटपा लवकर. हात अवघडतो.”

बाई वाजवू लागल्या. शेवटी त्यांनी एक तार छेडली आणि त्या डावा अंगठा तिच्यावर मागेपुढे घासत राहिल्या. सूर बारीक झाला, मग गेला. माझ्या पोटात काही उरलं नाही. अंगठा मात्र सरकतच होता.

“झालं ना?” शेठ कुजबुजले.

“हात तारेवर आहे, शेठ,” मोछिंग म्हणाले.

हात उचलेपर्यंत पाहुण्याने हलायचं नाही, हा आमच्याकडचा शिष्टाचार. शेठना कंजूष म्हटलेलं चालायचं, अडाणी म्हटलेलं नाही. ते तसेच थांबले. मनगट थरथरू लागलं, शिक्का खाली खाली येऊ लागला. दुसरीकडे बघायची सोय नव्हती, म्हणून ते त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. बाईंचा अंगठा थांबला नाही.

बऱ्याच वेळाने शेठ म्हणाले, “ही नाव येतेय की जातेय?”

“तेच चाललंय अजून,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात उचलला.

शेठनी शिक्का मागे घेतला. नोकराला म्हणाले, “तो लहान आण रे.” शिक्का मारल्यावाचून त्यांना जेवण गेलं नसतं, पण तो उमटला कडेच्या कोपऱ्यात. मोछिंगनी बहिणीला हळूच विचारलं, “कुठे?” बाईंनी त्यांचं बोट धरून कोपऱ्यापर्यंत नेलं. वाटेत कुठेच ओल लागली नाही.

आता ते दोघं नाहीत. मी एका भिंतीवर शोभेसाठी टांगलेला आहे, तारा सैल. मुलं येतात, टंग करून पळतात. मित्रांनो, रागावत नाही. पण मला खाली घ्या, तारा आवळा, धूळ पुसा. आणि कुणी वाजवलं, तर टाळीची घाई करू नका. आधी त्याच्या हाताकडे बघा.