काळ्या चोचीचा खंड्या

डीएनएचा रिपोर्ट वाचला आणि मुकुलच्या तोंडचं पाणी पळालं. आफ्रिकेतल्या दलदलीत त्याला सापडलेला काळ्या चोचीचा खंड्या नवी जात नव्हताच. तो तिथला नेहमीचा, लाल चोचीचा तुरेवाला खंड्या होता; फक्त वयाने लहान. त्याच्या पिल्लांची चोच काळी असते, मोठेपणी लाल होते. हे काय मुकुलला ठाऊक नव्हतं? पण नव्या जातीचं वेड लागलं की भल्याभल्यांच्या डोळ्यांवर झापड येते. शेजारच्या लाल चोचीवाल्यांना त्याने चक्क वेगळी जात धरलं होतं. आईबाप एका रकान्यात, पोरं दुसऱ्या!

तरीही निभावलं असतं. पण या उतावळ्याने रिपोर्टची वाट न बघताच पुण्याला उल्हास सरांना फोन केला होता, "सर, पक्ष्याला तुमचं नाव देणार." गुरूचं नाव द्यायची या अभ्यासकांत रीतच आहे. सरांनी उभा जन्म पक्ष्यांच्या वर्गीकरणात घालवला, पण त्यांच्या नावाचा एकही पक्षी नव्हता. आणि आता सरांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते.

मुकुल परदेशात, हौगांगमधल्या त्याच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत बसला होता. समोरच्या कोपीला, म्हणजे तिथल्या कॉफीला, त्याने तोंडही लावलं नव्हतं. तेवढ्यात सरांच्या पत्नीचा, सुलेखाकाकूंचा व्हिडिओ कॉल आला.

"आत्ता जागे आहेत, बोलून घे. नाव पक्कं झालं ना रे?"

"झालं, काकू," मुकुल धडधडीत खोटं बोलला.

फोन सरांच्या उशीशी ठेवून काकू औषध आणायला गेल्या. सरांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"लाल चोचीचे होते तिथे?"

"होते, सर."

"लांब?"

"नाही. त्याच फांदीवर."

सरांना काय ते कळलं. मुकुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हिला इतक्यात सांगू नकोस," सर म्हणाले. "सोसायटीच्या फळ्यावर बातमी लिहून आलीय. मी गेल्यावर सांग."

काकूंनी परत येऊन फोन उचलला. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"काय रे, पक्ष्याला आडनाव लावतात की नुसतंच नाव?"

"आडनाव लावतात, काकू," मुकुल म्हणाला.