फुकणी आणि दोन मुसळं

बुधीनं एकदा ओळ धरली की ती मावळेपर्यंत मध्ये श्वास ऐकू यायचा नाही. मासवणच्या पाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती धवलेरी. लग्नाच्या घरी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायला बसल्या की बुधी शेजारी बसून गायची, आणि तिच्या गाण्याच्या वाटेनं देवी चौकात यायची. गाणं नाही तर देवी नाही, आणि देवी नाही तर लग्न नाही. ओळ मध्ये मोडायची नाही, हा नेम मात्र बुधीचा स्वतःचा होता. वाट अर्ध्यात तुटली तर देवीनं कुठं उभं राहावं, असं ती म्हणे.

सत्त्याऐंशीच्या भादव्यात साथीचा ताप आला. पाड्यात बऱ्याच जणांना आला आणि गेला. बुधीच्या मात्र छातीत उतरला. पालघरच्या इस्पितळात ती बावीस दिवस नाकाला नळी लावून पडली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, देवूला सांगितलं, "तापानं फुप्फुसं पोळलीत, हृदयही थकलंय. जीव वाचला, पण ताकद आपोआप येणार नाही. हळूहळू कमवावी लागेल."

देवूनं त्यातलं 'थकलंय' एवढंच ऐकलं. बाजेवर गोधडी घालून त्यानं बुधीला निजवलं आणि उठूच दिलं नाही. पाणी तोंडाशी, भाकर तोंडाशी. माणूस माया करतो म्हणजे काय, ते सारं त्यानं केलं. आणि दीड महिन्यानं बुधी बाजेवरून दारापर्यंत गेली, तर चौकट धरून कुत्र्यासारखी धापा टाकत उभी राहिली.

दर मंगळवारी पाड्यावर नर्सबाई यायच्या, रत्नाबाई. मूळच्या नांदेडकडच्या, नवरा नागोराव तारापूरला वीज केंद्रात कामाला. त्यांनी दारातूनच बाज पाहिली.

"देवूदादा, बाई आहे का मडकं? उतरंडीवर ठेवल्यासारखी ठेवलीया."

"डाक्तर बोलला, थकलंय."

"थकलेलं निजवून निजवून आणखी आळसावतं. आता चालवायचं. हळूहळू, पण रोज." त्यांनी घड्याळ पाहत बुधीची नाडी मोजली. "बुधीताई, काय करायचंय तुम्हाला बरं होऊन?"

बुधीला सांगायला वेळ लागला. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. "वैशाखात... ठकीचं लगीन. मी गानार."

ठकी तिच्या मेलेल्या बहिणीची पोर, बुधीनंच वाढवलेली. बोईसरच्या गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. मुलगा बेटेगावचा ठरला होता. बहिणीचा चौक बुधीनं गायला होता. तिच्या लेकीचा दुसऱ्या कुणी गावा, हे तिच्या मनात शिरतच नव्हतं.

"मग गाण्याचंच शिकवते," रत्नाबाई म्हणाल्या. "नाकानं श्वास घ्या. ओठ आवळून सोडा. घ्यायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ सोडायला."

बुधीनं करून पाहिलं. "ही तर फुकणी."

"फुकणीच. पण चुलीविना. धुरापाशी बसायचं नाही."

"मग चूल कोन पेटवील?"

दोघींनी देवूकडे पाहिलं. देवूनं डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवसापासून चूल पेटवली.

चालण्याचा नियम बुधीला आवडला नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, म्हणजे चाल बरोबर. बोलताही येईना तर लगेच बसायचं. छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर निरोप धाडायचा.

"गाता येनार नाय अशी चाल शिकवतेस? मला तर गायचं हाय, बाय."

"गायचंय म्हणूनच."

दारापासून चिंचेपर्यंत पहिला पल्ला. बुधी पुढं, देवू मागं, त्याच्या हातात पाट. दम लागला की तिला बसायला. विहिरीवरच्या बायांना आयतं कारण मिळालं. "नवरी निघाली, पाट घेऊन निघाली," त्या म्हणायच्या. बुधी ओठ आवळून फुंक घालायची आणि श्वास परत आला की म्हणायची, "नवऱ्याला जड झालाय पाट. तुमी घेता का?"

चिंचेपासून विहीर. विहिरीपासून मोहाचं झाड. पौषात ती एकदाच बसून मोहापर्यंत गेली, माघात न बसता. रोज दोन पावलं जास्त. थंडीचा वारा सुटला तर पदर नाकाशी धरून, पण एक दिवस चुकवला नाही.

आणि माघातच तिनं स्वतःचा घात करून घेतला. तिच्यामागून ओळ झेलणारी जोडीदारीण नवसी भेटायला आली होती. बुधीला वाटलं, मोह गाठला म्हणजे गाणंही गाठलं. तिनं छाती भरून घेतली आणि पहिलीच ओळ पूर्वीसारखी एका दमात उचलली, "घाट उतरून ये गं माये, दारी मांडव घातला गं, दारी..."

तिसऱ्या 'दारी'ला ओठ निळे पडले. नवसीनं झेललं म्हणून डोकं जात्यावर आपटलं नाही.

रत्नाबाईंनी तिला पुन्हा पालघरला डॉक्टरांना दाखवलं. हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढून झाली. परत चिंचेपासून सुरुवात करायला सांगितलं. रत्नाबाई रागावल्या नाहीत, तेच बुधीला जास्त लागलं.

बेटेगावहून विचारणा आली: दुसरी धवलेरी बघायची का. ठकी बाजेशी बसली. "मावशी, पुढच्या साली करू लगीन. माझं काय आडलंय?"

"पुढच्या साली मला दम येईल, असं कोनी लिहून दिलंय? वैशाखात म्हनजे वैशाखात."

एका दुपारी अंगणात ठकी आणि नवसी भात सडत होत्या. एक उखळ, दोन मुसळं. एकीचं पडतं तेव्हा दुसरीचं वर. बुधी दारात बसून पाहत होती. आयुष्यभर पाहिलेलं, स्वतः केलेलं. धप, धप, धप. आवाज कुठंच तुटत नव्हता, आणि दोघींनाही प्रत्येक घावानंतर मुसळ उचलण्याएवढी उसंत होती.

"नवसे," ती म्हणाली, "मुसळ ठेव. इकडं ये."

आजवर बुधीची ओळ संपल्यावरच नवसी ती झेलायची. मध्ये पाऊल घातलं तर बुधीच्या डोळ्यांची भीती. आता बुधीनंच सांगितलं, "मी अर्ध्यावर सोडनार. माझा आवाज खाली यायच्या आत तुजा वर पायजे."

"आनि तुजा नेम?"

"नेम वाट न तुटन्याचा होता. एकटीनंच चालायचं, हे मी त्यात घातलं होतं."

फाल्गुनभर दोघी गायल्या, हळू आवाजात. रत्नाबाई आल्या की बोटं नाडीवर. सकाळी चालणं, सांजेला गाणं. चैत्रात बुधी मोहाच्या पुढं, सूर्या नदीच्या काठापर्यंत गेली आणि देवूला म्हणाली, "पाट आता घरी ठेव."

वैशाखात दारी मांडव उभा राहिला. सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर पिठाची पहिली रेघ ओढली. बुधी भिंतीला पाठ टेकून बसली. बेटेगावच्या बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. रत्नाबाई मागं, घड्याळ पदरात झाकून.

"घाट उतरून ये गं माये..."

अर्ध्यावर तिनं सोडलं. नवसी तिथंच होती. बुधीनं ओठ आवळून लांब फुंक सोडली, नाकानं श्वास घेतला, आणि नवसी उतरायच्या आत पुन्हा चढली. असं किती वेळा झालं, ते कुणी मोजलं नाही. एकदा, देवीला चौकात बसवायच्या जागी, तिचा श्वास खरंच अडला. छाती धडधडली. तिनं घाई केली नाही. एक फुंक, दुसरी फुंक. नवसीनं ओळ तोलून धरली होती. पीठ लिहिणारा हात भिंतीवर थांबला नाही, आणि ठकीनंही मान वर केली नाही.

चौक पुरा झाला. आता हळदीचं गाणं धरायचं होतं. नवसी सवयीनं बुधीकडं पाहत थांबली.

"बघतेस काय," बुधी म्हणाली. "ह्याची सुरवात तू कर. मी मधे धरते."