बायकांनी खणलेल्या कबरी

नळदुर्गजवळच्या एका गावच्या जुन्या कबरस्तानात मंजुषा फोटो काढत होती. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि तालुक्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरायचं होतं. नक्षीच्या कबरी, फारसी अक्षरांचे दगड तिनं टिपले. पार टोकाला, बांधाशी मात्र एक लांबट उंचवटा होता. त्यावर नुसते ओबडधोबड दगड, बिननावाचे. म्हणून ती गावातल्या नसीमबींना घेऊन आली. पिंजाऱ्याच्या घरातल्या नसीमबींनी ऐंशी कधीच ओलांडली होती.

"ॲक्शनच्या साली हितं पुरलं सगळ्यास्नी," त्या म्हणाल्या. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य बुडालं, तेव्हाची गोष्ट. त्याआधी रझाकारांनी आसपासची गावं जाळली होती. त्याचा सूड इथल्या कापूस पिंजणाऱ्या मुसलमानांवर उगवला गेला.

"पुरलं कुणी, दादी?"

"गडी उरलेच न्हाय. बायांनी खांदलं. जमीन लई कठीन, कुदळ लागंना. खड्डे उथळ पडले. मग कोल्ही याया लागली. अम्मा मला जवळ घिऊन काठी आपटीत बसायची. डोळा लागला की हलवायची. म्हनायची, तू बी हाकल, तुजा बाप हाय."

"यातले अब्बा कुठले?"

"काय ठावं? अम्मा म्हनली, ह्यो दगड तुज्या बापाचा धर. म्या ह्योच धरला."

मारणारे कोण होते, हे मंजुषानं अडखळत विचारलं.

"त्यांची नातवंडं मला दवाखान्यात नेत्यात. नावं नगं लिहू. पर झालं ते लिही. आजवर कुनापाशी बोलले न्हाय."

मंजुषानं त्या हकिकतीचा प्रदर्शनासाठी मोठा तक्ता केला. प्राचार्यांनी तो वाचला. "उद्घाटनाला पुढारी येणार. नळदुर्गचा किल्ला ठेवा, त्यातला पाणीमहाल ठेवा. हे काढा."

"सर, त्या दादी बघायला येणार आहेत."

"काढा म्हटलं ना."

तिनं काढला.

उद्घाटनाच्या दिवशी नात अलिजाचा हात धरून नसीमबी आल्या. ठेवणीतली ओढणी घेतली होती. वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक तक्त्यापुढं त्या थांबत.

"हेच का, बाई?"

"हा किल्ला, दादी."

"आन् हे?"

"पाणीमहाल."

भिंत संपली. मंजुषाला वर बघवेना. "दादी, तुमचा तक्ता मी काढला. सरांनी सांगितलं, आणि मी काढला."

नसीमबींनी अलिजाचा हात पुन्हा धरला.

"उगा बोलले मग मी," त्या अलिजाला म्हणाल्या. "चल."

बाहेर पाहुण्यांची गाडी लागली. हारांचं ताट कुणीतरी मंजुषाच्या हातात दिलं, आणि ती दाराकडं निघाली.