शेव्हेलची चाल

"ताजूभाय, गाडी चालूच हाय. चावी सोडा."

नागेश हे दुसऱ्यांदा बोलला, तेही ओरडून. ताजुद्दीन चालू इंजिनाला पुन्हा चावी फिरवत होता आणि दुरुस्तीला आलेल्या त्या कॅमरी गाडीचा स्टार्टर दातावर दात घासल्यासारखा किंचाळत होता. वर्कशॉपमधली सगळी माणसं हातातली कामं टाकून बघायला लागली. ऐकू आलं नाही ते एकट्या ताजुद्दीनला. शेवटी नागेशने खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं. ताजुद्दीनने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि मग उगाचच हसला.

"स्विच खराब हाय हिचा," तो म्हणाला.

"व्हय, स्विचच असेल."

नागेश संगमेश्वरचा, वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन. स्विचला काही झालेलं नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं? पण तो ताजुद्दीनच्याच खोलीत राहायचा आणि त्याच्या हातचं माशाचं कालवण जेवायचा. खाल्ल्या मिठाला जागून त्याने कॅमरीला नवा स्विच बसवून टाकला.

सौदीतल्या हफ्र अल बातिनमधल्या गॅरेजांच्या त्या वस्तीत ताजुद्दीनला नावाने ओळखणारे थोडे. 'तो कानवाला हिंदी' म्हटलं, की मात्र पेट्रोल भरणारा पोरगाही बोट दाखवायचा. जयगडच्या खाडीत मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता हा माणूस इथे आला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि कुठला भाग कुरकुरतोय ते सांगून मोकळं व्हायचं, ही त्याची पद्धत. इतर मेकॅनिक निम्मं इंजिन खोलून जिथे पोचत, तिथे हा चहा संपायच्या आत पोचलेला असे. त्याचा थोडा तोराही होता त्याला, खोटं कशाला सांगायचं.

त्याच कानामुळे अबू तुर्की त्याला भेटला. अबू तुर्की लष्करातून निवृत्त झालेला, धिप्पाड, घोगऱ्या मोठ्या आवाजाचा. त्याच्याकडे सत्तर सालची अमेरिकन शेव्हेल गाडी होती. गडद निळी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, आणि पुढे बैल जुंपल्यासारखी ताकद. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन माणसाकडून त्याने ती घेतली, तेव्हा त्याची बायको महिनाभर बोलत नव्हती म्हणे. थोरल्या मुलाचं नाव तुर्की म्हणून बापाला अबू तुर्की म्हणायचं. पण त्याचं थोरलं लेकरू ती गाडीच, असं सगळं गाव म्हणत असे.

त्या गाडीत शर्यतीच्या गाड्यांचा कॅम, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, होता. त्यामुळे उभ्या उभ्या चालू ठेवली, की तिचं इंजिन एका लयीत चालायचं नाही. धक धक, मध्येच श्वास अडकल्यासारखं गप्प, आणि पुन्हा धक धक. बंदराला बांधलेली होडी लाटेबरोबर धक्क्याला आपटावी तसं. शोधून शोधून गाठलेल्या प्रत्येक मेकॅनिकने ते अडखळणं म्हणजे आजार समजून बरं करायचा प्रयत्न केला होता. ताजुद्दीनने मात्र स्क्रू-ड्रायव्हर लावला, बराच वेळ ऐकलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, "ही आजारी नाही. हिची चालच अशी आहे. हिला सुधारू नका." अबू तुर्कीने त्याला मिठीच मारली. तेव्हापासून त्या बॉनेटखाली दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता.

आणि त्याच इंजिनांनी ताजुद्दीनचा कान खाल्ला. सायलेन्सर काढून टाकलेल्या गाड्यांच्या पुढ्यात इतकी वर्षं डोकं घालून उभं राहायचं म्हणजे काय! डॉक्टरने सांगितलं, नस मेली आहे, यंत्र लावून पाहा. त्याने लावून पाहिलं, तर पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा नुसता खडखडाट. यंत्र पेटीत गेलं. समोर तोंड करून मोठ्याने बोलणाऱ्याचं त्याला अजून कळायचं. बाकी झाकली मूठ सव्वा लाखाची. कफीलला, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो आला त्या मालकाला, कळलं तर घरी पाठवील ही भीती होतीच. पण खरी भीती त्याला वेगळीच होती. शेव्हेल दुसऱ्या कुणाकडे जाईल, ही.

घरचा फोनही आता त्याच्या हातात राहिला नव्हता. शुक्रवारी नागेश मोबाइल कानाला लावायचा आणि बायकोचं, रुकय्याचं, बोलणं तोंड मोठं करून पलंगावर बसलेल्या ताजुद्दीनला सांगायचा.

"भाबी विचारतायत, गुडघा कसा हाय?"

"बरा हाय म्हणून सांग. आनि काय बोलतेय?"

"तुमच्या अदिबाला बघायला चिपळूणची मान्सा आलीवती. पोरगा बरा हाय."

"आनि?"

नागेशने पुन्हा फोन ऐकला. "आनि काय नाय. तब्येतीला जपा, म्हनाल्या."

पूर्वी ती तासभर बोलायची, रुसायची, मध्येच हळू आवाजात काहीबाही सांगायची. परक्या पुरुषाच्या तोंडून नवऱ्याला काय सांगणार ती बाई? तिचं बोलणं आटत आटत गुडघा आणि तब्येतीवर आलं होतं. ताजुद्दीनला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि ते कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

थंडी पडली. थंडीतल्या गुरुवारी दुपारची नमाज झाली, की गावाबाहेरच्या माळावर जुन्या अमेरिकन गाड्यांचे वेडे जमायचे. बॉनेटं उघडून गाड्या ओळीने लावायच्या, कहवा फिरवायचा आणि मग एकेक गाडी चालू करायची. एक चालू असताना बाकीच्या सगळ्या बंद, आणि माणसंही गप्प. प्रत्येक गाडीला तिच्या बोलण्याची पाळी द्यायची, असा तिथला रिवाज. हंगामाच्या पहिल्या गुरुवारी शेव्हेल जायची ती ताजुद्दीनच्या हातून तयार होऊनच.

अबू तुर्की गाडी ठेवून गेला. ताजुद्दीनने प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, इंजिन चालू केलं आणि स्क्रू-ड्रायव्हर कानामागे टेकवला. काहीच नाही. हाडात नुसती गुरगुर, कशाची ते कळेना.

नागेश जवळ आला. "ताजूभाय, मी ऐकून सांगू काय? तुमी नुसता स्क्रू फिरवा."

"तुला त्या गाडीतला काय कळताय? जा, तुजी बॅटरी बघ."

तो चिडून बोलला आणि लगेच त्याला वाईट वाटलं. पण शब्द तर गेलेच होते. नागेश गुमान निघून गेला.

मग ताजुद्दीनने तळहात मडगार्डवर ठेवला. कान गेला तरी हात होता. हाताला धक्के लागत होते, मध्येच एक चुकत होता. हे तिचं नेहमीचं अडखळणं, की खरंच एखादा सिलिंडर मरतोय? कानाला हा फरक एका क्षणात कळला असता. हाताला दोन्ही सारखेच. तो पुन्हा पुन्हा हात ठेवत राहिला, घामाघूम झाला. पहिल्याच दिवशी, चारचौघांत गाडी बंद पडली तर? त्या भीतीने त्याने कार्ब्युरेटरचा स्क्रू आत घेतला, वेग चढवला, आणखी थोडा चढवला. हाताखालचा धक्का विरत गेला. इंजिन गुळगुळीत चालायला लागलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी शेव्हेलची पाळी आली. अबू तुर्कीने ऐटीत चावी फिरवली. ताजुद्दीन नेहमीप्रमाणे बॉनेटजवळ उभा होता, नागेश थोडा मागे. आवाज त्याला दिसणार होता तो माणसांच्या चेहऱ्यांवर. दरवर्षी त्या पहिल्या धकधकीला पोरं माना डोलवायची, म्हातारे डोळे मिटायचे. या वेळी कुणी डोळे मिटले नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक पोरगा हसला आणि शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. अबू तुर्की स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, ताजुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज़ैन. छान झालीय."

परतताना पिकअपमध्ये ताजुद्दीनने विचारलं, "कसा व्हता आवाज?"

नागेश रस्त्याकडे बघत राहिला.

"नाग्या, तुला विचारतोय. माज्याकडं बघून सांग."

नागेशने पिकअप कडेला घेतली. ताजुद्दीनकडे वळून त्याने एकच शब्द उच्चारला, "कॅमरीसारखा."

ज्याने सगळ्या जगाला बजावलं होतं हिला सुधारू नका, त्यानेच तिला सुधारून ठेवली होती. ताजुद्दीन त्यानंतर दोन दिवस जेवला नाही. अबू तुर्की येऊन ओरडेल, कफीलला सांगेल, याची वाट बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं.

अबू तुर्की आला तो तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, नेहमीसारखा हसत. शेव्हेल त्याने वर्कशॉपच्या दारातच उभी केली, चालू ठेवूनच. ताजुद्दीनच्या अगदी समोर येऊन, ओठ स्पष्ट हलवत तो म्हणाला, "ताज, उद्या गुरुवार आहे. जरा कान लावून बघ. तुझ्याशिवाय कोण बघणार?"

ताजुद्दीनने बॉनेट उघडलं. तळहात मडगार्डवर ठेवला आणि तो थबकला. धक धक, मध्येच गप्प, पुन्हा धक धक. तीच चाल, जशीच्या तशी. त्याने वाकून पाहिलं. कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर दुसऱ्या कुणाच्या तरी हत्याराचे ताजे, चमकते ओरखडे होते. ज्याने कुणी केलं होतं त्याने काम चोख केलं होतं. आता तिथे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

त्याने मान वर केली. अबू तुर्की त्याच्याकडे बघत नव्हता. पाठ करून, हात मागे बांधून तो रस्त्यावरची रहदारी बघत होता. वाजणारी गाडी सोडून रस्त्याकडे बघत उभा राहणारा तो माणूस नव्हता.  हे सोंग आपण ओळखलं, हे अबू तुर्कीला कळू द्यायचं नाही, एवढं ताजुद्दीनने ठरवलं. एका भल्या माणसाची तेवढी लाज तर आपल्याला राखता येईल.

त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले आणि पूर्वी उभा राहायचा तितकाच वेळ उभा राहिला. मग कार्ब्युरेटरवर ओणवा झाला आणि स्क्रूला न शिवता, त्याच्या बाजूला, हवेतच हात जरासा फिरवला. जरा थांबला, पुन्हा फिरवला. फडक्याने मडगार्डवरचा हाताचा ठसा पुसला आणि बॉनेट हलकेच लावलं.

"खलास," तो म्हणाला. "आता बरोबर आहे."

अबू तुर्की वळला. त्याचे डोळे लाल होते. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि गाडीत जाऊन बसला. शेव्हेल वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ताजुद्दीन दारात उभा होता. मग तो आत गेला आणि आपल्या कानाचं आपणच सांगायचं म्हणून कफीलच्या खोलीचं दार त्याने वाजवलं. आतून कुणी काही म्हटलं का, ते त्याला ऐकू येणार नव्हतं, म्हणून दार उघडेपर्यंत तो तिथेच थांबला.