खंडी आणि खंड्या

चौकच्या किनाऱ्यावर होड्या रंगवायचं काम कॅजिटनकडे होतं. लहानपणी आई त्याला बापाची भाकर घेऊन मिठागरात पाठवी. हा वाटेत बगळे बघत बसे आणि भाकर उन्हं कलल्यावर पोचे. मोठा झाला तरी खोड गेली नाही. घराच्या भिंतीवर कोळशाने काढलेल्या घारी, टिटव्या, एक करकोचा. बायको आयरिन नाताळ आला की भिंतीला चुना लावी, पण करकोचा तेवढा सोडी.

होड्यांवर मात्र नाव, क्रूस आणि पट्टे. पाखरू कुणी मागत नसे.

सदुसष्ट साली गॅब्रियलने नवी होडी बांधली. जाता जाता त्याने लांबूनच हाक दिली, "कॅजिटन, नाळीवर खंडी काढ रे! दोन्ही अंगाला!"

वारा होता. कॅजिटनला ऐकू आलं, खंड्या. त्याला वाटलं, आयुष्यात एक तरी शहाणं माणूस भेटलं. जेवणखाण विसरून त्याने होडीच्या पुढच्या टोकाला दोन्हीकडे खंड्या काढला. निळे पंख, लाल दांडगी चोच, नजर पाण्यावर.

होडी पाण्यात लोटायच्या सकाळी गॅब्रियल आला आणि उभाच राहिला.

"ह्ये काय हाय?"

"खंड्या."

"मी खंडी बोल्लो! खंडीभर मासलीचा ढीग! तू माझ्या होडीवर मासलीचोर बसवला?"

जमलेले लोक हसायला लागले. गॅब्रियलने रंग खरवडायला पत्रा उचलला. कॅजिटन खंड्याच्या आड उभा राहिला. हा खंड्या गेला तर पुन्हा कोण पाखरू काढू देणार होतं?

आयरिन पुढे झाली. "दादा, ह्यो बसतो तिथं मासली असते का न्हाय?"

"असते. त्याचं काय?"

"मंग तुमच्याच होडीवर बसलाय, तर वाईट काय झालं?"

गॅब्रियल घुटमळला. "बरं. पण चोचीत एक मासा तरी दे. रिकामा बरा न्हाय दिसत."

आता मात्र कॅजिटन उसळला. "न्हाय जमायचं! मासा गिळला की ह्यो डुलक्या काढतो. उपाशी हाय म्हणून बघतोय."

गॅब्रियल खो खो हसला. "ऱ्हाऊ दे मंग उपाशी!" पत्रा वाळूत टाकून तो पाद्रीबाबांना आशीर्वादासाठी बोलवायला गेला.

पुढच्या हंगामात दोघांनी घार मागितली, एकाने टिटवी. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की आयरिन चूल सोडून बाहेर येई.

"मला सांगा काय ते. ह्याला सगळं पाखरूच ऐकू येतं."